पापुद्रा, साटा आणि पोटातलं सारण

गेल्या अंकात मी अक्रोड-बदामाचं सारण भरलेल्या पफची कृती दिली होती. २५० ग्रॅम मैदा, घडीसाठी १७५ ग्रॅम बटर, तीन पदरी चार घड्या आणि २०० अंशांवर भाजणं. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी त्याच पफबद्दल आहेत. बऱ्याच जणींनी फोटोही पाठवलेत आणि त्यातले पुष्कळसे पफ बसलेले आहेत. त्यात तुमचा हात चुकलेला नाही. ती कृती मी येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या, थंडीत केली होती. पहाटे लातूरात स्वेटर लागत होता आणि बटर पोळपाटावर दगडासारखं राहत होतं. तुम्ही ती एप्रिल-मेमध्ये केलीत. ऋतूची गोष्ट मी लिहायलाच हवी होती. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला देते आहे.

अंबाजोगाईहून एक ताई लिहितात : लाटताना बटर पोळीतून फुटून पोळपाटाला लागलं. मैदा भुरभुरून कसंबसं लाटलं. भाजताना ट्रेमध्ये तुपाचं तळं झालं. पफ खालून तळल्यासारखे आणि आतून दडस. बटर कमी करू का?

बटर कमी करू नका ताई. प्रमाण बरोबर आहे, चुकली ती वेळ.

पापुद्रा कसा सुटतो ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी. आपण मैद्याच्या पोळीत बटर गुंडाळतो, लाटतो, तीन पदरी घडी घालतो, पुन्हा लाटतो. चार वेळा केलं की बटरचे ८१ थर होतात. पफ गरम ओव्हनमध्ये गेला की बटरमधल्या आणि मैद्यातल्या पाण्याची वाफ होते. ती वर उचलते आणि मधला स्निग्ध थर एका पदराला दुसऱ्याला चिकटू देत नाही. पण हे सगळं होण्यासाठी बटर ओव्हनच्या दारापर्यंत घट्ट राहायला हवं. ते ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्या स्वयंपाकघरात गॅस न पेटवताही ३८ अंश असतात. वितळलेलं बटर मैद्यात मुरतं, म्हणजेच त्याचं मोहन होतं. मोहनाने शंकरपाळी खुसखुशीत होते, पण पदर सुटत नाही. तुमच्या पफचं नेमकं हेच झालं.

आता उपाय. पहाटे पाचला उठायची तयारी असेल तरच उन्हाळ्यात बटरचा पफ करा. आदल्या रात्री मैद्यात चिमूटभर मीठ, एक चमचा लिंबाचा रस आणि २५ ग्रॅम बटर घालून फ्रीजच्या पाण्याने पीठ भिजवा, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. लिंबाने पीठ सैलावतं, लाटताना मागे ओढ घेत नाही. १७५ ग्रॅम बटर जाड प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकून वीतभर लांबी-रुंदीचा चौकोन करा आणि तोही फ्रीजमध्ये. सकाळी चौकोन बाहेर काढून हलकेच वाकवून बघा. वाकला पाहिजे, तुटता कामा नये. तुटला तर पाच मिनिटं थांबा, बोट सहज रुतलं तर परत आत ठेवा. बटर आणि पीठ दोन्ही सारखेच मऊ असले तरच बरोबर सरकतात.

लाटायला पोळपाट घेऊ नका, लहान पडतो. घरात शहाबादी फरशीचा ओटा असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. लाटायच्या दहा मिनिटं आधी त्यावर बर्फ भरलेली स्टीलची परात ठेवून द्या आणि मग फरशी कोरडी पुसा. दर दोन घड्यांनंतर पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये. मध्येच कुठे बटर पोळीतून चमकताना दिसलं तर मैदा भुरभुरत बसू नका, आहे तशी पोळी उचलून फ्रीजमध्ये ठेवा. आणि पंखा बंद ठेवा, पोळीला वरून पापडी धरते.

हे सगळं जमणार नसेल तर माझं मत स्पष्ट सांगते. चैत्र ते ज्येष्ठ बटर बाजूला ठेवा आणि साटा, म्हणजे तूप आणि पीठ फेसून केलेला लेप, लावा. आपल्या आया-आज्यांनी चिरोट्याला लावला तोच. तुपात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे बटरसारखा फुगवटा येणार नाही. पण साट्यातलं पीठ तूप धरून ठेवतं, ते बटरसारखं पळत नाही. फुगवटा कमी, पापुद्रा पक्का.

तीन मोठे चमचे साजूक तूप आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची अगदी बारीक पिठी घ्या. आपल्याकडे मेमध्ये तूप बरणीत पाण्यासारखं असतं, म्हणून मोठ्या परातीत बर्फाचं पाणी घालून तिच्यात लहान परात ठेवते आणि त्या लहान परातीत तळहाताने फेसते. आधी पिवळं, मग फिकट, मग लोण्यासारखं पांढरं होतं. हाताला गार लागतं आणि वजन हलकं वाटायला लागतं. वाटीभर पाण्यात एक थेंब टाका. तरंगला तर साटा झाला, बुडाला तर आणखी फेसा. चार पातळ पोळ्या लाटून एकावर एक साटा लावत ठेवा, घट्ट वळकटी करा, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे कापा. कापलेली बाजू वर ठेवून तळहाताने दाबा आणि हलक्या हाताने पुरीएवढं लाटा. गोल गोल रेघा दिसतील. त्या रेघा बाहेरच्या बाजूला येतील असं सारण भरून अर्धगोल मिटा.

जालन्याहून एक वाचक : सारणातली साखर वितळून बाहेर येते, ट्रेला चिकटून काळी होते. पफचा तळ ओलाच राहतो.

तुमच्या सारणात दोन चुका असाव्यात. एक म्हणजे सुकामेवा मिक्सरमध्ये सलग फिरवला असणार. सलग फिरवला की तो तापतो, तेल सोडतो आणि भुग्याऐवजी गोळा होतो. एकदा बटण दाबा, सोडा, डबा हलवा, परत दाबा. भरडा रव्याएवढा राहू द्या, मध्ये मध्ये मुगाएवढे तुकडे लागले तर खाताना बरंच. दुसरी म्हणजे साखर. साखर तापली की पाझरते, हा तिचा धर्म आहे. १५० ग्रॅम भरड्याला ५० ग्रॅम पिठीसाखर पुरे, आणि तिला धरून ठेवायला काहीतरी हवं. करंजीच्या सारणात आपण भाजलेला रवा किंवा खसखस घालतो ते उगीच नाही. दोन मोठे चमचे तांबूस भाजलेला रवा घाला, पाझरलेलं तो पिऊन घेतो. गूळ घालणार असाल तर रव्याबरोबर भाजलेल्या तिळाचा कूटही घाला, गूळ साखरेहून लवकर पातळ होतो.

कडेला बोटभर जागा कोरडी सोडा. सारणाचा कण कडेला आला की तिथून तोंड उघडतं. वर काट्याने दोन-तीन भोकं पाडा, वाफेला वाट हवी. ट्रे ओव्हनमध्ये खालच्या खणात ठेवा. भाजून झाल्यावर पफ ट्रेमध्ये राहू देऊ नका, जाळीवर काढा, नाहीतर खालची वाफ तळालाच मुरते.

तुमच्या जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती तुमच्या दारात पिकते. तिची वरची रंगीत साल बारीक किसणीवर किसून अक्रोडाच्या सारणात अर्धा चमचा घाला. पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो. वेलदोडा तेवढ्यापुरता विसरा. मी हे गेल्या वर्षी केलं आणि तेव्हापासून अक्रोडात वेलदोडा घातलेला नाही.

हिंगोलीहून एक ताई : पफ दिसायला देखणे झाले, पण सारण कडवट आणि वास जुन्या तेलासारखा. अक्रोड महागाचे होते. भाजायला कमी पडले का?

नाही, ते खवट होते. खवट अक्रोड कितीही भाजले तरी सुधारत नाहीत, उलट वास जास्त उठतो.

हा धडा मी फार वाईट प्रसंगी शिकले. पुतणीच्या साखरपुड्याला अक्रोडाच्या १२० वळकट्या मी करणार, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दोन किलो अक्रोडगर एका दुकानातून आणला. पिशवी उघडून वरचा एक खाऊन बघितला, चांगला लागला. रात्री सारण केलं, पहाटे भरून भाजलं. सहा वाजता दीरांनी पहिली वळकटी तोंडात घातली आणि काही न बोलता ताटलीत परत ठेवली. मी चाखली. वरचा थर ताजा होता, खालचा मागच्या वर्षीचा. १२० च्या १२० टाकून दिल्या आणि पाहुण्यांना बाजारातली खारी दिली. सासूबाईंचं वाटीभर तूप त्यात गेलं होतं, ते मला आजही आठवतं.

तेव्हापासून मी पिशवीच्या पाच जागांवरून पाच गर खाऊन बघते, दुकानदार काहीही म्हणो.

अक्रोडाच्या १०० ग्रॅम गरात ६५ ग्रॅमच्या आसपास तेल असतं. बदामात ५० च्या जवळ, काजूत ४४ च्या जवळ. शिवाय अक्रोडाचं तेल हवा, उजेड आणि ऊन या तिन्हींनी लवकर बिघडणाऱ्या जातीचं. दुकानाच्या काचेच्या बरणीत, दारातून ऊन येतं तिथे ठेवलेले अक्रोड मे महिन्यात घेऊच नका. काश्मीरचं नवं पीक सप्टेंबरमध्ये झाडावरून उतरतं आणि दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे येतं. तेव्हा कवचासकट घ्या, घरी फोडा, गर हवाबंद डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा. लागेल तेवढाच काढा. भाजायचा तो १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मग गरम असतानाच फडक्यात घालून चोळा. तुरट साल बरीच सुटते. ताज्या अक्रोडाचा थोडा तुरटपणा मात्र त्याचाच असतो, त्याला खवटपणा समजू नका.

आणि अक्रोड मिळाले नाहीत तर अडून राहू नका. आपल्या शेंगदाण्याचं सारण मला अक्रोडाइतकंच आवडतं आणि ते मी मनापासून म्हणते आहे. संक्रांतीच्या दाण्याच्या पोळीचं सारण आठवा. दाणे मंद आचेवर खरपूस भाजून, सालं पाखडून, जाडसर कूट. त्यात चौथा हिस्सा तीळ, थोडी चारोळी, पिठीसाखर, जायफळ. फक्त दाणे निवडताना सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा एकही ठेवू नका. तो विषारी असू शकतो आणि भाजल्याने ते विष जात नाही. पाहुण्यांना देताना आत काय आहे हेही आधी सांगा. दाण्याची किंवा सुक्यामेव्याची अॅलर्जी असलेल्याला एक घासही महागात पडतो.

छत्रपती संभाजीनगरहून एक विद्यार्थी : काकू, रमजानमध्ये मित्राच्या घरी बकलावा खाल्ला. त्याच्या मामांनी परदेशातून आणला होता. मला तो अम्मीला, म्हणजे मित्राच्या आईला, ईदला करून द्यायचाय. त्याला लागणारी कागदासारखी पातळ पोळी, फायलो शीट, इथे मिळाली नाही. समोशाच्या पट्ट्या आणून केला तर पाक घातल्यावर लगदा झाला.

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. जमेल तुला, नीट समजून घे.

आधी पट्ट्यांचं. समोशाची पट्टी तव्यावर अर्धी शेकलेली असते आणि फायलोहून बरीच जाड. ती चालते, पण खाली चार आणि वर चार एवढ्याच लाव, प्रत्येकीला तूप लाव, आणि आच मंद ठेवून जास्त वेळ भाज. तुझा लगदा पट्टीमुळे झालेला नसावा. पाक आणि बकलावा दोन्ही गरम असताना तू एकत्र केलेस, असं वाटतं. दोन्हींपैकी एक गार हवं. मी बकलावा ओव्हनमधून काढल्या काढल्या त्यावर पूर्ण गार पाक घालते. चर्रर्र असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर समजायचं, काहीतरी चुकलं.

फायलो हा ग्रीक शब्द आहे, अर्थ पान. तुर्की लोक अशा पातळ पोळीला युफका म्हणतात. तुर्कस्तानातल्या गाझियानतेप या शहराच्या बकलाव्याला युरोपीय संघाने २०१३ मध्ये भौगोलिक संकेतांक दिला. तिथे पिस्ता घालतात, तोही पूर्ण पिकायच्या आधी काढलेला, म्हणून तो इतका हिरवा दिसतो. तुर्कस्तानात इतर ठिकाणी अक्रोड चालतो, काळ्या समुद्राच्या बाजूला हेझलनट. तुझ्या ईदशी जुळणारी एक गोष्ट सांगते. उस्मानी सुलतानांच्या काळात इस्तंबूलमध्ये रमजानच्या पंधराव्या दिवशी तोपकापी राजवाड्यातून सैनिकांना बकलाव्याची तबकं दिली जात आणि ते ती मिरवत बराकींकडे नेत. त्या मिरवणुकीला नावच बकलावा मिरवणूक असं होतं.

आणि त्यात घालतात काय, तर पाणी आणि दुधाचा अंश काढून टाकलेलं लोणी. म्हणजे आपलं कढवलेलं तूप. त्यामुळे तुपाच्या बाबतीत तू आधीच पुढे आहेस.

आता पोळी घरी कर. तिथल्या बायका घरी जशा करतात तशीच. २५० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल, एक चमचा व्हिनेगर, साधारण १३० मिली पाणी. खूप मळ, पंधरा मिनिटं तरी. कानाच्या पाळीसारखं मऊ झालं की बारा गोळे करून ओल्या फडक्याखाली तासभर ठेव. सहा गोळ्यांच्या पुऱ्या लाट. प्रत्येक पुरीवर कॉर्नफ्लोअर सढळ हाताने पसर आणि एकावर एक रच. सगळ्यात वरच्या पुरीवरही लाव. मग ही सहा पुऱ्यांची चवड एकदमच लाटायची, मधून कडेला, सगळीकडे सारखी, ट्रेएवढी होईपर्यंत. मध्ये कॉर्नफ्लोअर असल्याने पोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि एकटी लाटून होणार नाही इतकी प्रत्येक पोळी पातळ होते. कोपरा उचलून बघशील तर सहा पानं वेगळी दिसतील, त्यातल्या एका पानाखाली हात धरला तर बोटं दिसतील. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या होत्या.

ती चवड तूप लावलेल्या ट्रेमध्ये ठेव, वर २०० ग्रॅम भरडा पसर, उरलेल्या सहा गोळ्यांची दुसरी चवड वर घाल. भाजायच्या आधीच धारदार सुरीने शंकरपाळ्यासारखे काप पाड, सुरी तळाला टेकली पाहिजे. मग १२० ग्रॅम तूप गरम करून सगळ्या चिरांमधून ओत. १७० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. वरून रंग आला म्हणून घाईने काढू नकोस, मधला काप सुरीने उचलून खालून बघ. खालूनही बदामी झाला पाहिजे. पाकाला दीड वाटी साखर, एक वाटी पाणी, उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं, शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. बोटाला चिकट लागला की पुरे, गुलाबजामच्या पाकाहून किंचित दाट. पाक घातल्यावर झाकू नकोस आणि निदान पाच तास हात लावू नकोस. ईदच्या आदल्या रात्री केलास तर सकाळी नेताना अगदी बरोबर होईल.

अम्मींना कसा वाटला ते कळव.

उदगीरहून एक सूनबाई : घरात अंडं चालत नाही. वरून रंग आणि चकाकी कशी आणू?

दोन चमचे घट्ट दूध किंवा सायीत पाव चमचा साखर आणि दोन काड्या केशर. बोटाने किंवा ब्रशने फक्त वरच्या अंगाला लावा. कडेच्या कापलेल्या बाजूवर ओघळू देऊ नका, तिथे पदर चिकटतात आणि पफ एका बाजूने वाकडा उठतो.

माजलगावहून एक ताई : ओव्हन नाही. कढईत मीठ घालून करू का? आणि मैत्रिणीचा ओव्हन आणला तरी वीज कधी जाईल सांगता येत नाही.

कढईत नानकटाई होते, पफ होत नाही. पफला पहिल्या पंधरा मिनिटांत चारही बाजूंनी जोराची आच लागते आणि कढईला वरून आच नसते. ओव्हन आणलात आणि मध्येच वीज गेली तर दार उघडू नका, तेवढीच एक काळजी घ्या. आतली आच बराच वेळ टिकते. पहिली पंधरा मिनिटं झाली असतील तर पफ वाचतो, वीज आल्यावर पुढे भाजा.

पण तुमच्या गावात लाकडाची भट्टी असलेली बेकरी असेल तर मी म्हणेन, तिकडे जा. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी आठ दिवस हेच चाले. आई रात्री रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा फेसून ठेवायची आणि सकाळी आम्ही भावंडं डोक्यावर पत्र्याचे ट्रे घेऊन बेकरीत रांगेत. सगळ्यांच्या नानकटाया सारख्याच दिसायच्या, म्हणून आई आमच्या प्रत्येक नानकटाईवर काट्याने तीन रेघा ओढायची. शेजारच्या काकू चारोळीचा एक दाणा लावायच्या. भट्टीवाले चाचा ट्रे आत ढकलायच्या आधी भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा भिरकावायचे आणि बघत राहायचे. लगेच काळा पडला तर दार उघडं टाकून थांबायचे. हळूहळू तांबूस झाला की लांब दांड्याची फळी हातात घ्यायचे. तापमान दाखवणारा काटा त्यांच्याकडे नव्हता आणि आमची एकही नानकटाई कधी करपली नाही.

पफसाठी त्यांना आधी भेटा. पावाचा घाणा निघाल्या निघाल्या जी आच असते ती मागा, नानकटाईची उतरती आच नको. पफ घरी भरून, ट्रेसकट फ्रीजमध्ये गार करून, खाली बर्फाची पिशवी ठेवून न्या. रंग आल्यावर ट्रे भट्टीच्या तोंडाशी आणखी दहा मिनिटं ठेवायला सांगा. बेकरीची खारी अशीच दुसऱ्यांदा मंद आचेवर वाळवतात, म्हणून ती आतपर्यंत कुरकुरीत असते. आणि भाजणावळ देऊन वर चार पफ भट्टीवर ठेवून या.

परभणीहून ७४ वर्षांच्या एका आजींनी वहीच्या पानावर लिहिलं आहे : तुम्ही ज्याला पफ म्हणता ती आमची साट्याची करंजीच की. मी गेली पन्नास वर्षं करते. आता डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. तुमच्या त्या ओव्हनमध्ये होईल का? नातसुनेकडे आहे.

आजी, तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी तीन वेळा करून बघितली, मगच हे लिहिते आहे.

पहिल्यांदा आपली नेहमीची केली, तळायची तशी. कोरडी झाली, पदर सुटले पण तोंडात पिठाळ लागले. तळताना तेल पदरात शिरतं आणि पीठ शिजवतं, ओव्हनमध्ये ते बाहेरून येत नाही, हे मला तेव्हा उमगलं. दुसऱ्यांदा रवा काढून टाकला, नुसत्या मैद्याची केली आणि दुधाऐवजी पाण्यात भिजवली. दुधाने रंग फार लवकर चढत होता, आत कच्चं राहत होतं. साटा दीडपट लावला. चांगली झाली, पण सारणातलं सुकं खोबरं आतल्या आत जास्त भाजून कडसर लागलं. तिसऱ्यांदा खोबरं न भाजताच किसून घातलं आणि त्याला बदाम-काजूच्या भरड्याची जोड दिली. भरलेल्या करंज्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या. वरून पातळ तुपाचा हात फिरवला. ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापवून २०० अंशांवर बारा मिनिटं, मग १७० वर करून आणखी पंधरा.

काचेतून बघत उभी होते. सातव्या-आठव्या मिनिटाला कातण्याने कापलेली कड आधी उघडली. पदर एकेक करून वेगळे झाले, वहीची पानं वाऱ्याने उलगडावीत तसे. मग पोट हळूच वर आलं. जाळीवर काढून गार केली आणि मोडली तर आवाज आला, चिरोट्याला येतो तसाच.

तुपाचा साटा आहे आणि साखरही आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारून खा, एखादीच. पण करायला तर कोणी अडवलेलं नाही. नातसुनेला ओव्हन सांभाळू द्या, साटा मात्र तुमच्याच हाताने फेसा. आणि एक मागणं आहे. पन्नास वर्षांच्या तुमच्या सारणात खोबरं किती, खसखस किती, आणि तुम्ही ती कच्ची घालता की भाजून वाटून, हे पुढच्या पत्रात लिहा. माझी खसखस अजून दाताखाली येते.